दिमित्री चेर्नोव्ह : पोलादाच्या पोटातले झाड पाहणारे अभियंते



सहावी-सातवीत आपण मुलांना पदार्थाच्या अवस्था शिकवतो. स्थायू, द्रव, वायू. द्रव थंड झाला की गोठतो, असे फळ्यावर लिहितो आणि पुढच्या मुद्द्याकडे जातो. पण गोठताना त्या द्रवाच्या आत नेमके काय घडते, हे सांगायचे मात्र राहून जाते. तुम्ही घरी लोणी कढवता ना? तेच तूप शांतपणे, हळूहळू निवू दिले तर छान रवाळ होते. सारखे ढवळत किंवा पटकन गार केले तर रवा बारीक पडतो. तूप तेच, भांडे तेच, फक्त गोठण्याची तऱ्हा वेगळी. धातूंचेही असेच असते, हे ज्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले त्या एका मोठ्या माणसाचा परिचय आज करून घेऊ. त्यांचे नाव दिमित्री कॉन्स्टँटिनोविच चेर्नोव्ह. धातुविज्ञान शिकणाऱ्यांना हे नाव चांगले माहीत असते, पण आपल्या शाळेच्या पुस्तकात ते सहसा भेटत नाही.

जन्म आणि शिक्षण

चेर्नोव्ह यांचा जन्म १ नोव्हेंबर १८३९ रोजी रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, म्हणजे सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारे वैद्यकीय साहाय्यक होते. घरची परिस्थिती साधीच. मुलगा हुशार होता, त्याला यंत्रांची आणि गणिताची आवड होती. सेंट पीटर्सबर्गच्या तंत्रशिक्षण संस्थेतून त्यांनी १८५८ साली शिक्षण पूर्ण केले आणि सुरुवातीला सरकारी टांकसाळीत काम केले.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट बघा. १८५९ पासून पुढची काही वर्षे चेर्नोव्ह त्याच तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते. सोबत संस्थेच्या ग्रंथालयाचे आणि संग्रहालयाचेही काम पाहत होते. शिकवता शिकवता ते स्वतः विद्यापीठात जाऊन गणित आणि भौतिकशास्त्राची व्याख्याने ऐकत. म्हणजे सकाळी शिक्षक आणि नंतर विद्यार्थी! नोकरी लागली की शिक्षण संपले, असे त्यांना वाटले नाही. पुढे कारखान्यात गेल्यावर हेच गणित-भौतिकशास्त्र त्यांच्या कामी आले.

तोफा का फुटत होत्या?

१८६६ साली चेर्नोव्ह ओबुखोव्ह पोलाद कारखान्यात अभियंता म्हणून दाखल झाले. नेवा नदीकाठचा हा कारखाना १८६३ साली सुरू झाला होता. पावेल ओबुखोव्ह नावाच्या धातुतज्ज्ञाने तो काढला होता. इथे पोलादी तोफा बनत. त्या आधी तोफा ओतीव लोखंडाच्या किंवा काशाच्या असायच्या. पोलादी तोफ हलकी आणि मजबूत, म्हणून सगळ्या देशांना ती हवी होती.

पण एक मोठी अडचण होती. काही तोफा कितीही बार काढले तरी टिकत आणि काही तोफा चाचणीच्या वेळीच फुटत. तोफ फुटणे म्हणजे काय, विचार करा. शेजारी उभ्या असलेल्या माणसांचे प्राण जायचे. कच्चा माल तोच, भट्टी तीच, कारागीर तेच. मग एक तोफ टिकते आणि दुसरी फुटते, असे का? पोलादात काहीतरी भेसळ असेल असे कोणी म्हणे, कोणी कारागिरांना दोष देई. पोलादी तोफांचा नादच सोडावा, असेही बोलले जाऊ लागले होते.

चेर्नोव्ह यांच्याकडे कारखान्यातला घणाचा विभाग होता. ओतलेला पोलादी ठोकळा पुन्हा तापवून मोठ्या वाफेच्या घणाखाली ठोकायचा आणि त्याला तोफेचा आकार द्यायचा, हे तिथले काम. त्यांनी फुटलेल्या तोफांचे तुकडे गोळा केले आणि तुटलेली बाजू बारकाईने पाहायला सुरुवात केली. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जिथे तोफ फुटली होती तिथे पोलादाचे कण मोठे, जाडेभरडे होते. टिकलेल्या तोफेचे पोलाद मात्र बारीक कणांचे होते. म्हणजे दोष पोलादात काय मिसळले यात नव्हता, पोलादाच्या आतल्या रचनेत होता. याच आतल्या रचनेला आज आपण सूक्ष्मरचना म्हणतो.

नुसत्या डोळ्यांनी लावलेला शोध

मग प्रश्न आला, हे कण मोठे-लहान होतात कशामुळे? त्या काळी इतके जास्त तापमान मोजणारे भरवशाचे साधन कारखान्यात नव्हते. चेर्नोव्ह यांच्याकडे होते दोन डोळे! तापलेल्या पोलादाचा रंग बदलत जातो, हे आपल्याकडच्या लोहारालाही माहीत असते. आधी गडद लाल, मग उजळ लाल, मग नारिंगी-पिवळा. चेर्नोव्ह तासन् तास भट्टीसमोर उभे राहून हे रंग पाहत. कोणत्या रंगावर तुकडा काढला, कसा गार केला, मोडल्यावर आत कण कसे निघाले, याचा ते मेळ घालत.

त्यातून दोन महत्त्वाच्या खुणा सापडल्या. त्यांना त्यांनी ‘ए’ आणि ‘बी’ अशी साधी अक्षरे दिली. पोलाद ‘ए’ या खुणेपेक्षा कमी तापवले, तर ते कितीही झटकन गार केले तरी कडक होत नाही. आणि ‘बी’ या खुणेपर्यंत पोलाद तापले की आतली जाडी कणरचना मोडते आणि बारीक होते. गंमत म्हणजे त्यासाठी घण मारायचीही गरज नसते, नुसते योग्य तापवणे पुरते. घन पोलाद बाहेरून तसेच दिसत असते, पण आतून बदलत असते.

१८६८ साली रशियन तंत्रज्ञ संस्थेपुढे त्यांनी हे सगळे मांडले. वय अवघे २८ वर्षे! पोलादाच्या कणांची गोष्ट समजावताना त्यांनी तुरटीच्या द्रावणाचे आणि त्यातून तयार होणाऱ्या स्फटिकांचे उदाहरण घेतले होते. अवघड गोष्ट सोप्या उदाहरणातून सांगायची, ही त्यांची शिक्षकाची सवय इथेही दिसते. पुढे १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये ऑसमाँ यांनी नवीन विद्युत तापमापक वापरून मोजमाप केले आणि पोलादात असे बदलाचे बिंदू खरोखर आहेत, हे आकड्यांनी सिद्ध झाले.

ठोकळ्याच्या पोटातले झाड

पण चेर्नोव्ह इथे थांबले नाहीत. त्यांना वाटले, घणाखाली यायच्या आधीच, म्हणजे पोलाद साच्यात ओतल्यावर गोठते त्याच वेळी, बरेच काही ठरून जात असणार. मग त्यांनी ओतीव ठोकळेच कापून-फोडून पाहायला सुरुवात केली. डिसेंबर १८७८ मध्ये त्यांनी ओतीव पोलादी ठोकळ्यांच्या रचनेवर आपला अभ्यास सादर केला.

आता हे नीट समजून घ्या हं, कारण आपल्या लेखाचा गाभा इथे आहे.

वितळलेले पोलाद साच्यात ओतले की आधी साच्याच्या भिंतीजवळचे पोलाद गोठते. तिथून स्फटिक आत वाढू लागतात. ते सरळ ठोकळ्यासारखे वाढत नाहीत, झाडासारखे वाढतात. आधी एक खोड निघते, खोडाला काटकोनात फांद्या फुटतात, फांद्यांना पुन्हा उपफांद्या. फांद्यांच्या मधल्या जागेत अजून द्रव पोलाद असते, ते सर्वात शेवटी गोठते. गोठताना पोलाद आकसते. त्यामुळे ठोकळ्याच्या वरच्या बाजूला मध्यभागी पोकळी राहते. या पोकळीत फांद्यांमधले द्रव खाली निघून गेलेले असते, म्हणून तिथे पोलादी झाड मोकळे उभे असलेले सापडते. अशा स्फटिकाला आज डेंड्राइट म्हणतात. ग्रीक भाषेत झाडाला जो शब्द आहे त्यावरून हे नाव आले.

चेर्नोव्ह यांच्या संग्रहात असा एक प्रचंड स्फटिक होता. १०० टनांच्या ठोकळ्याच्या पोकळीत तो सापडला होता. लांबी ३९ सेंटीमीटर आणि वजन जवळजवळ साडेतीन किलो! एका विद्यार्थ्याने तो त्यांना भेट दिला होता. आपल्या पट्टीपेक्षा लांब असे हे पोलादी झाड आजही ‘चेर्नोव्ह स्फटिक’ म्हणून धातुविज्ञानाच्या पुस्तकांत चित्रासह भेटते.

वाहत्या द्रवाचे काम

आता पुढचा प्रश्न. ही झाडे मोठी होऊ द्यायची की लहान ठेवायची? मोठ्या झाडांचे पोलाद ठिसूळ, बारीक कणांचे पोलाद चिवट. म्हणजे झाडे मोठी होऊ द्यायची नाहीत. चेर्नोव्ह यांनी सुचवले की पोलाद गोठत असताना साचा स्थिर ठेवू नये, तो फिरवत राहावे. आतले द्रव पोलाद हलत राहिले की स्फटिकांना लांबलचक वाढायला सवड मिळत नाही आणि ठोकळा बारीक कणांचा बनतो.

असे का होते? आपण तीन पायऱ्यांत समजून घेऊ.

पहिली पायरी. साचा कोणी हलवला नाही तरी आतले द्रव पूर्ण शांत नसते. डाळ शिजताना पातेल्यात डाण्यांची वर-खाली फेरी चालते, ती तुम्ही पाहिली असेल. गरम पाणी हलके होऊन वर येते, गार पाणी जड होऊन खाली जाते. यालाच आपण अभिसरण शिकवतो. साच्यातही हेच घडते. भिंतीजवळचे पोलाद गार होऊन खाली सरकते, मधले गरम पोलाद वर येते. उष्णता एका जागेवरून दुसरीकडे वाहून नेली जाते.

दुसरी पायरी. पोलाद म्हणजे नुसते लोखंड नव्हे, त्यात कार्बन आणि इतर घटक असतात. गोठताना लोखंडाचा स्फटिक यातले बरेच घटक बाहेर ढकलतो. मुलांना गारेगारचे उदाहरण सांगा. सरबत गोठवले की कडेला फिका बर्फ होतो आणि रंग-गोडवा मध्यभागी गोळा होतो. पोलादातही शेवटी उरलेल्या द्रवात हे घटक जास्त साठतात. त्या द्रवाचे वजन आजूबाजूच्या द्रवापेक्षा वेगळे होते, म्हणून तेही फांद्यांमधून वाट काढत वाहू लागते. जिथून ते वाहते तिथे ठोकळ्यात वेगळ्या मिश्रणाच्या रेघा उमटतात. एकाच ठोकळ्यात एका जागी कार्बन जास्त, दुसऱ्या जागी कमी. म्हणजे आपोआप होणारे अभिसरण नेहमी भल्याचेच असते असे नाही, ते दोषही निर्माण करते.

तिसरी पायरी. द्रव मुद्दाम ढवळले तर दोन गोष्टी होतात. एक, सगळीकडचे तापमान जवळजवळ सारखे होते, त्यामुळे मधले द्रवही गोठायच्या बेतात येते. दोन, झाडांच्या नाजूक फांद्या मुळाशी वितळून सुटतात आणि प्रवाहाबरोबर मध्यभागी जातात. तिथे त्या प्रत्येक फांदीपासून नवा स्फटिक सुरू होतो. फांदी म्हणजे जणू बीच! आळ्यात भोपळ्याचा एकच वेल असेल तर तो वाटेल तसा पसरतो, पण वाफ्यात मेथी दाट पेरली तर प्रत्येक रोप लहानच राहते. तसेच हे. बिया जास्त झाल्या की प्रत्येक स्फटिकाला जागा कमी, म्हणून कण बारीक.

फांद्या सुटून त्यांचे बी होते, हा तपशील चेर्नोव्ह यांच्या काळात पाहता येत नव्हता, कारण पोलाद पारदर्शक नसते. १९६० च्या दशकात केनेथ जॅक्सन आणि जॉन हंट यांनी धातूसारखेच गोठणारे पारदर्शक पदार्थ वापरले आणि सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळे घडताना पाहिले. आज पोलाद कारखान्यांत साचा फिरवायची गरज पडत नाही. सलग ओतकामात चुंबकीय क्षेत्राने आतले द्रव पोलाद ढवळतात. उलट, वजनरहित अवस्थेत गार-गरम द्रवाचे अभिसरण जवळपास थांबते, म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मिश्रधातू गोठवून पृथ्वीवरच्या नमुन्यांशी ताडून पाहिले गेले आहेत. चेर्नोव्ह यांनी सुचवलेला मुद्दा किती खोल होता, हे यावरून लक्षात येईल.

कारखाना सोडला

एवढे मोठे काम करणाऱ्या माणसाला कारखान्याने डोक्यावर घेतले असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. कारखान्याच्या वरिष्ठांशी मतभेद वाढत गेले आणि १८८० साली चेर्नोव्ह यांनी ओबुखोव्ह कारखाना सोडला. वय चाळीस, चौदा वर्षांचे काम मागे टाकलेले. एखादा खचून गेला असता. ते दक्षिणेकडे बाखमुतच्या प्रदेशात गेले आणि जमिनीखालच्या मिठाचा शोध घेऊ लागले. हा भाग आज युक्रेनमध्ये येतो. तिथे त्यांना खरोखर सैंधव मिठाचे मोठे साठे सापडले. पोलाद पाहणारे डोळे खडकही तितक्याच चिकाटीने पाहू शकले!

१८८४ साली ते परत सेंट पीटर्सबर्गला आले. पुढे रेल्वे खात्यासाठी कारखान्यांकडून येणाऱ्या मालाच्या तपासणीची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली. रेल्वेचा रूळ किंवा चाकाचा आस तुटला तर काय होईल, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?

पुन्हा शिक्षक

१८८९ साली चेर्नोव्ह मिखाइलोव्ह तोफखाना अकादमीत धातुविज्ञानाचे प्राध्यापक झाले. ज्या प्रवासाची सुरुवात शिकवण्यापासून झाली होती तो पुन्हा वर्गात येऊन पोहोचला. पुढची अनेक वर्षे त्यांनी तिथे शिकवले. त्यांचे कुतूहल मात्र एका विषयापुरते नव्हते. फुग्याशिवाय, फक्त यंत्राच्या बळावर आकाशात उडता येईल का, यावर त्यांनी १८९३ साली विचार मांडला होता. राइट बंधूंच्या विमानाच्या दहा वर्षे आधी! शिवाय ते स्वतःच्या हाताने व्हायोलिन बनवत.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात फ्रान्सच्या पोलाद उद्योगातील जाणकारांनी त्यांच्या कामाचे ऋण जाहीरपणे मान्य केले. १९१० साली रशियन धातुविज्ञान संस्थेने त्यांना सन्माननीय अध्यक्ष केले. आयुष्याच्या अखेरीस तब्येतीमुळे ते काळ्या समुद्राकाठच्या याल्टा गावी राहायला गेले. रशियात क्रांती आणि यादवी युद्धाचा तो कठीण काळ होता. २ जानेवारी १९२१ रोजी याल्टा येथेच त्यांचे निधन झाले.

वर्गात काय करता येईल?

आता आपल्या कामाचे. हा प्रयोग पाचवी ते आठवीच्या कोणत्याही वर्गात होतो, खर्च अगदी थोडा.

१. साधारण २०० मिली गरम पाणी घ्या आणि त्यात ६० ग्रॅम तुरटीची पूड पूर्ण विरघळवा. गरम पाण्याचे काम शिक्षकांनीच करायचे, मुलांना दूर उभे करा.

२. हे द्रावण दोन सारख्या काचेच्या भांड्यांत समान ओता. दोन्ही भांडी शेजारी शेजारी ठेवा.

३. एक भांडे झाकून ठेवा आणि त्याला अजिबात हात लावू नका. दुसरे भांडे गार होईपर्यंत चमच्याने हळूहळू ढवळत राहा. मुलांच्या पाळ्या लावा.

४. दुसऱ्या दिवशी दोन्हीतले पाणी ओतून टाका, खडे कागदावर काढा आणि भिंगातून पाहायला सांगा. शांत ठेवलेल्या भांड्यात मोठे, टोकदार खडे दिसतील. ढवळलेल्या भांड्यात बारीक रवा.

मुलांनी आधी अंदाज वहीत लिहायचा, मग प्रयोग, मग निरीक्षण. लगेच उत्तर सांगू नका. एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, सर, ढवळल्यामुळे पाणी लवकर गार झाले, म्हणून तर रवा बारीक पडला नसेल? असा प्रश्न आला तर आनंद माना! त्या मुलालाच विचारा की हे कसे तपासशील. न ढवळता भांडे थंड पाण्यात ठेवून बघता येईल, हे मुले स्वतः सुचवतात.

आणि पालकहो, घरीही हे करता येईल. बर्फाच्या साच्यात रंगीत सरबत गोठवा आणि रंग कुठे गोळा होतो ते मुलांबरोबर पाहा.

चेर्नोव्ह यांच्या चरित्रातून मुलांना मोठेपणाचे उपदेश देत बसायची गरज नाही असे मला वाटते. एकच गोष्ट पोहोचली तरी पुरे. तोफा फुटत होत्या तेव्हा बाकीचे दोष कोणाचा हे शोधत होते आणि हा माणूस फुटलेला तुकडा हातात घेऊन त्याच्या आत पाहत होता. आपल्या वर्गात एखाद्याचे गणित चुकले, प्रयोग फसला, की आपणही आधी कोणाचे चुकले हे विचारतो. त्याऐवजी चुकलेली वही उघडून नेमके कुठे आणि कशामुळे बिघडले हे मुलाबरोबर बसून पाहिले, तर तो धडा पोलादाच्या धड्यापेक्षा कमी मोलाचा ठरणार नाही.

प्रयोग करून बघा आणि तुमच्या वर्गातल्या मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते जरूर कळवा.